बाबांनी दिलेला हात

सालेर, ४ फेब्रुवारी १९७८

चि. रेजीस यास ताईचे अनेक आशीर्वाद.

निकोलचा खोकला थांबला का? इथे अजून बर्फ आहे, गाई गोठ्यातच आहेत.

आता बाबांचं. सोमवारी त्यांची कॉफी घेऊन आत गेले, तर उठून उभे राहिले, टोपी काढली, हात पुढे केला आणि मला मादाम म्हणाले. वर कशा आहात तुम्ही, असंही! चेष्टा समजून मी रोजच्यासारखा पाप्यासाठी गाल पुढे केला, तर दचकून मागेच सरले. अनोळखी बाई अशी अंगावर येते म्हणजे काय! माणसं विसरले, रीतभात नाही विसरले. पावाच्या दुकानात शिरताना अजून सगळ्यांना बोंजूर म्हणतात, आणि जो उलट म्हणत नाही त्याच्यावर डाफरतात.

एकदा येऊन जा रे. आईला पोचवलं त्या दिवशीचं त्यांना आता काही आठवत नाही.

तुझी वाट पाहणारी,
ओदेत

रूबे, ५ मार्च १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुला न भेटताच निघालो, रागावू नकोस. तू बाजारात होतीस, दार बाबांनीच उघडलं.

निकोल घटस्फोटित, तिच्याशी लग्न केलं म्हणून आईच्या दफनाला साऱ्या गावासमोर त्यांनी माझा हात घेतला नव्हता. परवा आपणहून हात दिला, चांगला घट्ट. परक्या गृहस्थाला म्हणावं तसं मला मोस्य म्हणाले, बसवलं, वाइन ओतली, मुलंबाळं किती विचारलं. एक मुलगी आहे म्हटलं, तर म्हणाले, मलाही मुलगा आहे, पण फार लांब असतो.

ताई, तो मीच, हे माझ्याने सांगवेना. सांगितलं आणि त्यांनी तोंड फिरवलं तर? पाहुणा होऊन बसलो तेच बरं वाटलं.

माया असू दे.
तुझा रेजीस

सालेर, ९ मार्च १९७८

चि. रेजीस यास आशीर्वाद.

वेडा आहेस. घरी आले तर टेबलावर दोन पेले. कोण आलं होतं विचारलं, तर म्हणाले, एक भले गृहस्थ, डाव्या भुवईवर व्रण असलेले. म्हटलं, बाबा, तो आपला रेजीस.

ताडकन उठले. मग कोट चढवला आणि घरातल्या सपातांनिशीच बर्फात निघाले. मी मागे धावले, तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, ओदेत, पोटच्या पोराला मी परक्यासारखा हात दिला! त्याला जवळ घ्यायचं, गालाला गाल लावायचा, एवढंही मला कळत नाही असं वाटेल ना त्याला! बस केव्हाच गेली होती. थांब्यावर उभे राहून रडले. मी धरून घरी आणलं.

सकाळी काही आठवत नव्हतं. मी पुन्हा मादाम.

तरी ईस्टरला तू ये. निकोललाही आण, पोरीलाही. या खेपेस दाराशी मी उभी राहीन आणि तू तोंड उघडायच्या आत सांगेन की बाबा, हा तुमचा मुलगा. पुढचं त्यांना येतं.

पोरीला गोड पापा.
तुझी ताई,
ओदेत