ताई, तुम्ही आधी घ्या

आई,
इथूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे, काळजी करू नकोस. स्तनातली गाठ काढली तिथली जखम भरली. कॅन्सर परतू नये म्हणून रोजची हार्मोनची गोळी तेवढी आहे, तीही अजून कितीतरी वर्षं. पन्नाशीत तुझ्या अंगातून निघायच्या तशा वाफा माझ्या तिशीतच निघतात. सांधे असे धरतात, की तुझा जावई मला "सासूबाई" म्हणतो!

गेल्या महिन्यात वैतागून नर्सबाईंना सांगायला गेले, गोळी बंद करते. तोंड उघडायच्या आत त्यांनी एका पोरीला पुढे केलं. "ही पोर तुमचीच गोळी घेते, आता सोडते म्हणते. तुम्ही नेमाने घेता, जरा समजवा हिला."

झालं, अडकले. आता जेवणं झाली की तिचा रोज फोन. "ताई, तुम्ही आधी घ्या. पाकीट फोडल्याचा आवाज आला की मी घेते." नुसतंच पाकीट वाजवावंसं वाटतं, पण धीर होत नाही.

बाबांचा खोकला थांबला का?

नातवंडाचं इतक्यात विचारू नकोस. गोळी चालू असताना मूल नको, असं डॉक्टर म्हणतात. काल फोनवर ती पोरही रडवेली होऊन म्हणाली, "ताई, नंतर होईल ना हो?" मी तुझ्यासारखं "होईल गं" म्हणून मोकळी झाले.

आई, मलाही एकदा तसं म्हण ना.

तुझी,
धाकटी