एनके-वन ते एनके-फोर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मेहुण्याची मुलगी निशा तिची स्पोर्ट्स बाईक वर्सोव्याहून मुलुंडला आणून ठेवून गेली. २ मार्चला कोल्हापूरच्या ट्रॅकवर रेसिंग टीमची ट्रायल आहे. मासळीचा टेम्पो चालवून बाईक घेतलीय पोरीने. म्हणाली, काका, फक्त चेन-ऑइल बघा. फक्त? वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी. बाईक म्हणजे आडवी लिफ्टच. गाडीचं नवं नाव एनके-वन. एनके म्हणजे नंदकुमार.

९ फेब्रुवारी
रोज लिहिणं जमलं नाही. सायलेन्सर कापला. आवाज झकास. वेग होता तेवढाच. सोसायटीला रेसिंग कळत नाही.

१४ फेब्रुवारी
एनके-टू. वजन हाच शत्रू. मडगार्ड, अर्धी सीट, स्टँड काढलं. स्टँड नाही म्हणून भिंतीला टेकवली. पडली. टाकी चेपली. चेपलेली टाकी हवा जास्त कापत असणार. बायको, श्रुतिका, म्हणाली, निशाला खरं सांग. योग्य वेळी सांगेन.

२० फेब्रुवारी
एनके-थ्री. चेन माझ्या पद्धतीने ताणली. निशा गाडी चालवून बघायला आली. ऐरोली पुलाआधी चेन तुटली. पोरगी फरफटत गेली. हेल्मेट होतं. डावं मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, आठवडाभर हँडल धरायचं नाही. मी म्हटलं, रस्त्यावर खडी होती. तिने विचारलं, काका, आधी तुम्ही चालवून बघितलीत ना? हो म्हणालो.

२१ फेब्रुवारी, सकाळ
डोळ्याला डोळा लागला नाही. तंबाखू कायमची बंद. निशाचे फोन आले. हाताला ग्रीस होतं, उचलता आले नाहीत.

२१ फेब्रुवारी, दुपार
तंबाखू उद्यापासून.

२६ फेब्रुवारी
एनके-फोर. संशोधनात कधीकधी मागे जावं लागतं. कंपनीचा सायलेन्सर, कंपनीची चेन, सगळं परत. श्रुतिका मॅन्युअल मोठ्याने वाचत होती, मी बोल्ट आवळत होतो. ती म्हणाली, पुन्हा आवळ. पुन्हा आवळला. देवा, एवढी गाडी नीट धावू दे.

२ मार्च, रविवार
निशाची निवड झाली! मनगटाला पट्टी बांधून चालवली पोरीने. फोन स्पीकरवर होता. तिकडच्या लोकांनी विचारलं म्हणे, गाडी एवढी स्मूथ, काय काय बदललंय? तिने सांगितलं, काहीच नाही, शोरूममधून आली तशीच आहे.
मग म्हणाली, काका, गाडी आता कोल्हापूरलाच ठेवते.
बरं म्हटलं.
श्रुतिकाने विचारलं, जेवायला वाढू? वाढ म्हटलं.