समोरच्या रॅकचा इन्चार्ज

४ एप्रिल
आजपासून दुकानातला समोरचा रॅक माझ्याकडे. सून वैष्णवी स्वतः म्हणाली, बाबा, चिठ्ठीची औषधं मी बघते. तुम्ही बाम, खोकल्याच्या गोळ्या, ग्लुकोज, डायपर एवढं सांभाळा. अंजनीचं म्हणणं, रिटायर झाल्यापासून तुम्ही माझ्या फोडणीत नाक खुपसता, म्हणून मीच तिला सांगितलं. आमच्या बायकोला श्रेय घ्यायची सवयच आहे.
अंबरनाथच्या कंपनीत आयुष्यभर स्टोअर सांभाळलं. नट-बोल्टसाठी आलेला माणूस कधी रिकाम्या हाताने परत गेला नाही. माल संपता कामा नये, हा माझा एकच नियम. बदलापुरातलं एक मेडिकल म्हणजे डाव्या हातचा मळ.
दिवाळीपर्यंत वैष्णवी वांगणीला दुसरं दुकान काढणार. तिथे भरवशाचं माणूस लागेल, असं माझ्याकडे बघून म्हणाली. निदान माझ्या दिशेला बघून.

७ एप्रिल
रॅक लावला. नवा माल पुढे, जुना मागे. पुढचं चकचकीत दिसतं, मागचं रिझर्व्हमध्ये राहतं. वैष्णवी म्हणाली, बाबा, उलटं. आपल्याकडे जुना पुढे ठेवतात, तारखा असतात ना. मी मान डोलावली. पोरगी हुशार आहे, पण अनुभव कमी. बोल्टला कुठे तारीख असते?
तरी उद्या बदलतो.

८ एप्रिल
नाही बदलला. कंबर धरली. बाम लावला. रॅकवरचाच, पुढचा.

१९ एप्रिल
उल्हासनगरला कॅम्प तीनला जाऊन आलो. होलसेलवाला भूपेश फार अदबीचा माणूस. खुर्ची दिली, ताक पाजलं. म्हणाला, साईं, गर्मी तो अभी शुरू हुई है, ग्लुकोज पे ऐसी स्कीम फिर नहीं मिलेगी. दहा पेट्यांवर तीन फ्री. वैष्णवीने दोनच सांगितल्या होत्या. पण दोन घेतल्या की फ्री काहीच नाही, म्हणजे सरळसरळ नुकसान. दहा घेतल्या. टेम्पो केला.
एक्सपायरी बघायला चष्मा नव्हता. भूपेश म्हणाला, बहोत है.

२० एप्रिल
वैष्णवी पेट्यांकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, चहा घेता का? आवडलं असावं.

१६ मे
भर मे महिन्यात आभाळ. ग्लुकोज कोण पिणार? आभाळावर माझा ताबा नाही. स्टोअरला निदान पत्रे तरी होते.
दिवसभर लोक खोकल्याच्या गोळ्या मागतात. त्या संपल्यात. मागवल्या तरी ठेवायच्या कुठे, रॅकभर ग्लुकोज. वांगणीहून भाजी विकायला येणाऱ्या चांगुणाबाई खोकत खोकत आल्या. मी त्यांना ग्लुकोज दिलं. सांगितलं, ताकद आली की खोकला आपोआप जातो. त्या म्हणाल्या, अरं बाबा, मला खोकला झालाय, उपास नाय माझा. डबा काउंटरवर ठेवून समोरच्या मेडिकलमध्ये गेल्या.
याला रिकाम्या हाताने जाणं म्हणत नाहीत. मी दिलं होतं, त्यांनी घेतलं नाही.

२ जून
चष्मा लावून तारीख वाचली. ऑक्टोबर. मागे रिझर्व्हमधलं जुनं ग्लुकोज काढून पाहिलं. त्याची ऑगस्ट. भूपेशला फोन केला. आज अदब कमी होती. म्हणाला, स्कीम का माल वापस नहीं होता, साईं, बिल पे लिखा है. बिलावरची अक्षरंही बारीक.
वैष्णवीला सांगावं का? नको. उगाच टेन्शन घेईल. शिवाय वांगणीचं ठरायचंय.
संकल्प: विक्री वाढवणे.

३ जून
एक पेटी मीच विकत घेतली. रीतसर कॅश बिल केलं, पैसे गल्ल्यात टाकले. रिक्षाने घरी नेली. संध्याकाळी वैष्णवी कॉम्प्युटर बघून म्हणाली, अरे वा बाबा, ग्लुकोज हललं की!
रिटायर झाल्यापासून मला कुणी अरे वा म्हणालं नव्हतं. डोळे भरून आले. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

२१ जून
विक्री जोरात. दिवाणाचा कप्पा भरला. अंजनीच्या गोधड्या बाहेर काढाव्या लागल्या, त्यावरून घरात बोलणं झालं. बायका दिवाणात काय काय ठेवतात, आणि मी चार पेट्या ठेवल्या तर चर्चा.
चांगला माल टाकवत नाही. रोज दोन ग्लास ग्लुकोज पितो. त्याने थकवा जातो. म्हणजे जायला हवा. हल्ली जास्तच थकतो, म्हणून तीन ग्लास.

८ जुलै
सकाळी दुकानाच्या दारात ग्लुकोजच्या नव्या पेट्या. मी मागवल्या नव्हत्या. वैष्णवी म्हणाली, जे जास्त खपतं ते कॉम्प्युटरच ऑर्डरमध्ये वर आणतो. पावसाळ्यात बदलापुरात एवढं ग्लुकोज कोण पितं कळत नाही, पण बाबा, तुमचा अंदाज बरोबर निघाला.
नव्या पेट्या पुढे लावल्या.

९ जुलै
आज तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. दुकानात गर्दी होती.

१५ जुलै
आज गर्दी नव्हती. पण ती खुशीत होती. वांगणीच्या गाळ्याची बोलणी झाली. अशा दिवशी कसं सांगणार? एक पेटी घरी नेली.

३० ऑगस्ट
सारखी तहान लागते. तहान लागली की ग्लुकोज पितो, ते पुन्हा तहान लावतं. अंजनी म्हणते, तुमची पँट कमरेवर राहत नाही, डॉक्टरला दाखवा. वजन उतरलं तर लोक पेढे वाटतात. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.
संकल्प: दिवाळीआधी दिवाण रिकामा करणे. म्हणजे चार ग्लास.

१४ सप्टेंबर
काउंटरवर उभ्या उभ्या भोवळ आली. वैष्णवीने स्टुलावर बसवलं. दुकानातल्याच मशीनवर बोट टोचून शुगर बघितली. आकडा बघून तीच खाली बसली. म्हणाली, बाबा, गोड काय खाता तुम्ही? मी म्हटलं, काहीच नाही. ते खरंच होतं. पण अंजनी, जी कधी दुकानाची पायरी चढत नाही, ती नेमकी जेवणाचा डबा घेऊन आलेली. म्हणाली, खात नाहीत, पितात. दिवाणात बघ.
डॉक्टरकडून थेट घरी. वैष्णवीने दिवाण उघडला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रिकामे डबे एका बाजूला लावले, भरलेले दुसऱ्या. मग तिथेच बसून म्हणाली, वांगणीचा सगळा माल मी याच आकड्यांवर मागवणार होते, बाबा. आणि माल गेला खड्ड्यात. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? तिचे डोळे पुसायला अंजनीने तीच बाहेर काढलेली गोधडी पुढे केली.
फार वाईट वाटलं. मशीनही कधीकधी चुकतं, असं म्हणणार होतो. पण म्हणालो नाही.

१७ ऑक्टोबर
वांगणीच्या दुकानाचं उद्घाटन. बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. मला अर्धा. भरवशाचं माणूस म्हणजे प्रीती, वैष्णवीची कॉलेजातली मैत्रीण. चावी तिच्याकडे. चांगली मुलगी आहे. रॅक मात्र थोडे मळकट लावलेत, जुना माल पुढे.
पहिलं बिल कुणाच्या नावाने करायचं, असा प्रश्न निघाला. वैष्णवी म्हणाली, बाबांच्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे झालो, शर्ट नीट केला. प्रीतीने डॉक्टरांची चिठ्ठी बघून शुगरच्या गोळ्या काढल्या. मी हळूच म्हटलं, बाळा, मागची स्ट्रिप दे, ताजी असते. तिने पुढचीच दिली. चष्मा लावून तारीख वाचली. भरपूर आहे.
स्ट्रिप पिशवीत घालून ती म्हणाली, काका, एक लक्षात ठेवा, हा माल घरात कधी संपता कामा नये.
मी मान डोलावली.