सुभेदार मान वळवत नाहीत

निजामपुरा, बडोदे
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. सुभानदादांस,

तुमच्या दोन पायांना दोन वेगळे नमस्कार. डाव्याला जरा हळू केला आहे, कारण त्याच्या टाचेची कुरकुर अजून चालू असल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. बाकी दुकान, वहिनींचा गुडघा आणि तुमचा राग कसा आहे? पहिल्या दोहोंची खबर वहिनींकडून मिळते, तिसऱ्याची कोणीच देत नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुम्ही "हां, बोल" म्हणता आणि लागलीच "चल, ठेवतो" म्हणता. मधे श्वास घ्यायला जागा नसते, तर बोलणार कुठे? कागद मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता (विजेचं बिलसुद्धा मागच्या सूचनांसकट वाचता), त्या भरवशावर लिहायला बसले आहे.

हे पत्र भाऊबीजेच्या आमंत्रणाचं नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही दोन दिवाळ्या आला नाहीत, तर तिसऱ्या दिवाळीला विनवण्या करणारी मी नव्हे. मीही त्याच घरातली आहे. शिवाय त्याआधीच्या भाऊबीजेला जे झालं त्यात माझा काय दोष, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्ही पाटावर बसला होतात, मी निरांजन पेटवून उभी होते, आणि ह्यांनी (जन्मभर सिंचनाचे नकाशे काढल्याचा परिणाम!) खिशातून मोबाईल काढून, त्यातलं होकायंत्र बघून जाहीर केलं की सुभानरावांचं तोंड पूर्वेला नाही, पूर्व चपलांच्या कपाटाकडे आहे. तुम्ही म्हणालात, पूर्व म्हणजे डभोईची बाजू, आणि चार दिशांना चार दरवाजे असलेल्या गावातल्या माणसाला दिशा शिकवू नका. मग तुम्ही पाट एकीकडे फिरवायचात, हे दुसरीकडे, आणि मी निरांजन सांभाळत पाटाभोवती प्रदक्षिणा घालत होते. शेवटी तुम्ही न ओवाळून घेताच उठलात आणि डभोईची बस धरलीत. पुढे कळलं की ह्यांच्या मोबाईलच्या पाकिटाला लोहचुंबक आहे. आणि डभोई इथून आग्नेयेला आहे, पूर्वेला नव्हे. सूर्य तुम्हा दोघांच्या बरोब्बर मधून, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उगवतो. मी रोज चहा करताना बघते. मला कोणी विचारलं नाही.

असो. काम वेगळंच आहे, चित्राचं आहे. आमच्या समोरच्या ब्लॉकमधली अहल्या तुम्हाला आठवत असेल. नागरवाड्यात वाढलेली, रांगोळीचे वर्ग घेणारी, तुम्ही जिच्या हातच्या करंज्या खाऊन "ठीक आहेत" म्हणाला होतात ती (हे तुमच्याकडचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे, असं मी तिला समजावलं आहे). तर आम्ही दोघी मिळून एक वेब कॉमिक काढतो. म्हणजे चित्रकथाच, पण कागदावर छापायची नाही, इंटरनेटवर टाकायची, आणि लोकांनी आपापल्या फोनवर बघून हसायचं. गोष्ट माझी, चित्रं तिची. दोघींनाही यातलं काही येत नाही. पण साठीला टेकलेल्या बायकांना काही येत नसलं की कोणी रागावत नाही, हा या वयाचा मोठा फायदा आहे आणि आम्ही तो मनसोक्त घेत आहोत.

आमचा नायक गायकवाडी पागेतला सुभेदार आहे (आपल्या पणजोबांची थोडी उसनवारी केली आहे, त्यांची हरकत नसावी). घोड्याला पाणी पाजायला म्हणून निघाला, झाडाखाली डुलकी लागली, जागा झाला तो थेट आजच्या निजामपुऱ्यात. आता तो घोड्यावर बसून ज्याला त्याला विचारत हिंडतो, "आमची पागा कुठे गेली?" आणि लोक त्याला वरातीच्या घोड्याचा मालक समजून भाडं विचारतात, "केटला लो छो?" एका भागात तो घोडा दुकानासमोर बांधून शेवउसळ खायला जातो, तर बेशिस्त वाहनं उचलणारे घोडाच उचलून नेतात. हा भाग लिहिताना मी एकटीच इतकी हसले की ह्यांनी येऊन माझं कपाळ गरम आहे का ते पाहिलं.

अडचण एवढीच की अहल्येचा हात रांगोळीचा. ती कागदावर आधी ठिपके घालते आणि मग जे डावीकडे ते उजवीकडे, यात तिच्याकडून काही केल्या बदल होत नाही. म्हणून आमच्या कॉमिकात सगळी माणसं समोर बघतात. भांडतात तीही समोर बघून, एकमेकांच्या कानात सांगतात तेही समोर बघून. कॉमिकचं नावच आम्ही "समोर बघा" ठेवून टाकलं, म्हणजे हे मुद्दाम केलंय असं वाटावं. सुभेदाराच्या उजव्या हातात पाणीपुरी दिली की डाव्यातही द्यावी लागते आणि दोन्ही एकदमच तोंडाशी येतात. तलवारी दोन. घोडा म्हणजे दोन कान आणि दोन नाकपुड्या, उरलेला मागे कुठेतरी आहे असं समजून घ्यायचं. पहिला भाग तर आम्ही चुकून सोसायटीच्या पाण्याच्या ग्रुपवर टाकला, जिथे एरवी "मोटर चालू केली" आणि "टाकी भरली" याखेरीज काही येत नाही. मग तळमजल्यावरच्या पटेलकाकींनी लिहिलं, "बेन, आ घोडो छे के हाथी? अने पाणी क्यारे आवशे?" आमचं पहिलं समीक्षण ते.

पण दादा, लोकांना आवडलं हो! वाचक वाढत गेले. कला शिकणाऱ्या एका मुलीने तर भला मोठा अभिप्राय लिहिला की यातली पात्रं एकमेकांकडे बघत नाहीत, हे आजच्या माणसाचं एकाकीपण आहे. अहल्येने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "निरू, तिला कळव ना, मला बाजूचं नाक येत नाही म्हणून." मी म्हटलं, गप्प बस, कलेत सगळंच सांगायचं नसतं.

आता पुढचं बसून वाचा. पाणी पिऊन घ्या. सुभेदाराला चेहरा हवा होता, आणि तोही दोन्ही बाजूंनी अगदी सारखा, नाहीतर अहल्येचे ठिपके बसत नाहीत. आधी ह्यांना बसवून पाहिलं, पण ह्यांचं नाक डावीकडे कललेलं निघालं (लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पत्ता नव्हता). वॉचमनचा एक कान मोठा. शेवटी मी माझ्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात तुम्ही बँडवाल्यांकडे डोळे वटारून उभे आहात, आणि तुमच्या मिशीची दोन्ही टोकं अशी सारखी पिळलेली आहेत की अहल्या ओरडलीच, "अगं, हा माणूस ठिपक्यांवरच जन्मलाय!" तर सुभेदार म्हणजे तुम्ही. रागावू नका. (रागावलात तर तसा फोटो काढून पाठवा, उपयोगी पडेल.) सुभेदार शूर आहे, प्रामाणिक आहे, हट्टी आहे आणि चुकीच्या रस्त्याला लागला तरी छाती काढूनच चालतो. वाचकांचा त्याच्यावर फार जीव आहे.

आता काम. दिवाळीच्या भागात मी असं लिहिलं आहे की सुभेदाराला शोधत त्याची बहीण निजामपुऱ्यात येते. निरांजन घेऊन त्याच्या बाजूला उभी राहते. तो आपला समोर बघतोय, पागेचा पत्ता विचारतोय. ती हाक मारते, आणि सुभेदार आयुष्यात पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघतो. बस, एवढंच. अहल्येने वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "मान वळली की माझे ठिपके मोडतात." मग आम्ही काय काय केलं! दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, तर रेशनकार्डावरचे फोटो दिसायला लागले. बहिणीला त्याच्या समोर आणलं, तर तिची पाठ आपल्याकडे. पाठ अहल्येला उत्तम येते, दोन्ही बाजूंनी सारखी असते, पण तिच्यामागे सुभेदार संपूर्ण झाकला गेला, घोड्यासकट. तुमचा एखादा बाजूने काढलेला फोटो मिळावा म्हणून मी सगळे अल्बम पालथे घातले. एकही नाही! तुमच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा वहिनी हार घालतायत आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे बघताय. हार कानात अडकलाय.

तेव्हा विनंती अशी की एखाद्या दिवशी येऊन आमच्याकडे तासभर तिरपे बसावं. अहल्येला भाऊबीजेचा दिवस सोयीचा आहे, हा निव्वळ योगायोग. सुभेदार वळला नाही तर आमची गोष्ट तिथेच अडून राहणार, आणि वाचक रोज विचारतात की पुढे काय झालं. मी त्यांना काय सांगू? तो भाग लिहिताना, कॉमिक विनोदी असूनही, मला रडू आलं. अहल्येने विचारलं तेव्हा कांद्यावर ढकललं. दादा, दोन वर्षं भाऊबीजेला मी निरांजन लावते आणि चंद्राला ओवाळून आत येते. चंद्र भला आहे, पाट फिरवत नाही, पण जेवायलाही थांबत नाही.

वहिनींना नमस्कार. दुकानातल्या मांजरीला काय योग्य वाटेल ते.

तुमची, पाटाभोवती फिरून अजून चक्कर न उतरलेली,
निरुपमा

ता. क. दुकानातल्या मिरचीच्या बियाण्याची धूळ बसून खाज येते म्हणून मिशी उतरवायचा तुमचा विचार आहे, असं वहिनी म्हणाल्या. दिवाळीपर्यंत एक केसही हलवू नका. हजारो लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. (हजारो जरा जास्त झालं, पण पटेलकाकी धरून बरेच आहेत.)

ता. क. दुसरा. पाट यंदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून मांडायचा, हे ह्यांनी मान्य केलं आहे. मोबाईल दिवसभर कपाटात राहील. शिवाय बसस्टँडवर तुम्हाला घ्यायला हे स्वतः येणार म्हणतात. दोन वर्षं दर दिवाळीला बाल्कनीत उभं राहून रिक्षा बघतात आणि विचारलं की म्हणतात, हवा खातोय.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच अहल्या धावत आली. बाईने मला न सांगता रोज सकाळी खिडकीतून ह्यांना पेपर वाचताना बघून बघून बाजूचं नाक शिकून घेतलं आहे! सुभेदाराने मान वळवली, दादा. मिशी अर्धीच दिसते, पण ओळखू येते. बहिणीच्या एकाच हातात निरांजन आहे, दुसरा रिकामा आहे आणि तिने तो त्याच्या खांद्यावर ठेवला आहे. फार सुरेख जमलंय. म्हणजे चित्रासाठी आता तुमची गरज उरलेली नाही.

तरी या.