काठोकाठ पियाला

बिश्केक, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

परवा फोनवर मी म्हणाले ना, की आईला जागा आवडली, ते सगळं खरं नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले. मी बरी आहे, पाय तेवढे सुजतात. तुझा खोकला गेला का? मॉस्कोतली थंडी अंगावर काढू नकोस.

आधी चांगलं सांगते. आमच्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये खरंच सगळं नीट आहे गं. बाथरूममध्ये धरायला दांडे, प्रत्येक पलंगाशी बेल, भिंतींना नवीन रंग. ट्रेनिंगमध्ये मला वाटायचं, आपण इथे काहीतरी भारी करणार. अजूनही वाटतं, फक्त ड्यूटी संपेपर्यंत आठवत नाही. बावीस म्हातारी माणसं आणि आम्ही दोघीच.

दिवसभरात प्रत्येकाच्या पोटात ठरलेलं पाणी जायलाच हवं, तसा चार्ट आहे. म्हणून दिवसातून तीनदा चहाची किटली घेऊन फिरायचं, पियाले काठोकाठ भरायचे, टिक करायची, पुढे.

इथे तुर्सुनाय आजी आहेत. रोज चहा झाला की कोट चढवतात, रुमालात गाठोडं बांधतात आणि दाराशी जाऊन उभ्या राहतात. स्वयंपाकीण म्हणते, "आली बघा आजींची बस," आणि आम्ही हसतो. चार्टवर लिहिलंय, 'भ्रम. दार बंद ठेवणे.' अक्षर माझंच आहे.

रविवारी आई तिच्यासाठी धरलेली खोली बघायला आली. कणकेचे बोरसोक तळून आणले होते, सगळ्यांना वाटले. मग आजींच्या शेजारी बसून आपल्या कोंबड्यांच्या तक्रारी सांगत होती. मी किटली घेऊन आले, इतरांचे भरले तसा तिचाही पियाला भरला. काठोकाठ.

आई बोलता बोलता थांबली. सगळा चहा हळूहळू प्यायली, तोंड पुसलं, उठली. आजीही उठल्या. दोघी दाराशी उभ्या राहून रुमाल बांधत होत्या. आईने माझ्या कपाळाची पापी घेतली, म्हणाली, "काम कर, बाळा," आणि गेली.

मी आजींना विचारलं, "तुम्ही कुठे निघालात?"

"घरची पोर पियाला काठोकाठ भरून देते, म्हणजे प्या आणि निघा. तरी बसून राहू? इतकी निलाजरी नाही मी," आजी म्हणाल्या. "तुझ्या आईलाही कळलं. चांगल्या घरची आहे."

ताई, आठ महिने. रोज तीन वेळा मी त्यांना जा म्हणत होते.

सोमवारी मी त्यांना दोन घोट ओतले. त्यांनी पियाल्यात बघितलं आणि मागे टेकून बसल्या. नऊ वेळा त्यांनी पियाला परत भरायला पुढे केला, एकदाही उठल्या नाहीत. पण त्यासाठी मला चाळीस मिनिटं बाजूला बसावं लागलं, आणि तिकडे दोघे जण ओल्या चादरीवर पडून होते. होमच्या मॅडम रागावल्या. त्यांचंही चुकलं नाही.

आता राहिलेलं सांगते. आई बोलता बोलता थांबली, तेव्हाच मला काहीतरी टोचलं होतं. बसस्टॉप समोरच आहे, पळत जाता आलं असतं. मी गेले नाही. मनात आलं, बरं झालं, एक पियाला कमी.

काल तिचा फोन आला. कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या म्हणाली, एक तारखेला येते. एवढंच विचारलं, "तिथे चहा तूच ओतणार ना?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "बरं."

खोली शुक्रवारपर्यंत धरून ठेवलीय. नाहीतर हे सोडून मी गावी जायचं, आणि तुझ्या एकटीच्या पगारावर तिघींनी राहायचं. तू मोठी आहेस, आजवर ठरवलंस ते मी ऐकलंय. या वेळी मात्र मी थकलेय असं धरून उत्तर दे, मी चांगली मुलगी आहे असं धरून नको. आणू का गं तिला इथे?

हातातली किटली खाली न ठेवलेली,
तुझी आयझिरेक