पुढं जा, काही होत नाही

९ ऑक्टोबर
गोदामाची साइट बंद नाही! दहादा पाह्यलं. माझ्या लॅपटॉपवर चांगली चालून राह्यली. तरी शेलूबाजारच्या गोदामातून गुलाम नबी चाचाचा फोन – "जिकरा, लोकायले सोयाबीन आणायचा नंबर लावता येऊन नाही राह्यला. लाल पान येते म्हणतात, धोका हाय म्हणून."

म्हटलं, मोबाईल जुने असतील. साइट मीच सांभाळते, तिच्या खरेपणाचं नवं सर्टिफिकेट कालच मीच टाकलं. त्यात कायची चूक?

१० ऑक्टोबर
चाचा पिच्छाच सोडेना. शेवटी गोदामाच्या ग्रुपवर माझ्या आवाजात मेसेज टाकला – लाल पान आलं तर भेऊ नका, खाली 'प्रगत' दाबा अन् पुढं जा, काही होत नाही.

तांड्यावरची कमलीबाई म्हणे, "तू सांगतलं म्हणून दाबलं वं बाई. लागला नंबर." लई बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर
चूक माझीच. लिहायचीही लाज वाटते.

सर्टिफिकेटं दोन आली होती. एक आमच्या साइटचं, दुसरं मधलं – त्याच्या ओळखीवर मोबाईल पहिल्यावर भरोसा ठेवते. सर्व्हरवर मी पहिलंच टाकलं. लॅपटॉप मधलं सर्टिफिकेट सोताच शोधून आणते, मोबाईल आणत नाही. म्हणून मले कधी लाल पान दिसलंच नाही, अन् मी लोकायच्या मोबाईलले नावं ठेवत बसली. दोन्ही एका फाइलीत जोडली, सर्व्हर पुन्हा चालू केला. झालं.

चाचाले मात्र सांगतलं, वरूनच घोटाळा होता. "शाबास बेटा," म्हणे. तोंड कुठं लपवू असं झालं.

ग्रुपवर सांगाले पाह्यजे – आता लाल पान आलं तर पुढं जाऊ नका. टाइप केलं. पुसलं. मंग त्या दिवशी 'पुढं जा' काहून म्हटलं, असं कोणी विचारलं तर?

१४ ऑक्टोबर
आजही नाही टाकलं. उद्या.

१७ ऑक्टोबर
कमलीबाईचा फोन. बँकेच्या नावानं कोणाची तरी लिंक आली होती. दाबली तर लाल पान. भेली ती. मंग ग्रुपवर जाऊन माझा आवाज पुन्हा ऐकला, अन् पुढं गेली, विचारलं ते सारं भरलं.

मले रागावली नाही. म्हणे, "तसंच लाल पान होतं वं बाई. आता खात्यात काहीच दिसून नाही राह्यलं. मागच्यासारखं नीट करून दे ना."