दाजींच्या आवाजातला फोन

सरकारी वकीलबाई,

काल शेजारच्या काकू कोर्टात खरं बोलल्या, ते तुमच्यामुळे नाही. आदल्या संध्याकाळी मी त्यांना दाजींच्या आवाजात फोन केला होता. करायला नको होता, पण केला. दाजी म्हणतो ते सवयीने, तो माणूस म्हणायच्या लायकीचा नाही.

लोकांचे आवाज काढायची माझी जुनी खोड. काकूंनी भिंतीपलीकडून ताईचा मार रोज ऐकला, पोलिसांना तसा जबाबही दिला, आणि साक्षीची वेळ आली तर म्हणे, "मला काही आठवत नाही." माझं डोकंच फिरलं. धमकी नाही दिली हो, नुसते आभार मानले. "काकू, बायको ओरडायला लागली की तुम्ही टीव्ही मोठा करायचात, फार उपकार झाले. उद्याही सांभाळून घ्या. तुम्ही आपल्याच."

"मेल्या, मी तुझी?" म्हणून त्यांनी फोन आपटला.

साक्षीत त्यांनी टीव्हीसकट सगळं सांगितलं. त्याचा वकील खेकसला, "तेव्हा का नाही बोललात?" तर म्हणाल्या, "तेव्हा भीती वाटायची. आता लाज वाटते."

हे तुम्हाला कळलं तर तुम्हाला जजसाहेबांना सांगावं लागेल, आणि तो हरामखोर सुटेल. म्हणून हे पत्र टाकणार नाही. चुकून हाती लागलंच तर पाया पडतो, कुणाला सांगू नका. ताईला तर मुळीच नको. काल कोर्टाच्या जिन्यात ती काकूंच्या गळ्यात पडून रडली. तिला वाटतंय, कुणीतरी आपणहून तिच्या बाजूने उभं राहिलं. तेवढं राहू द्या तिच्याकडे.

तुमच्या फिर्यादीचा बिनकामाचा भाऊ